डोळ्यांवर पडदा घेऊन द्यावी लागणारी परीक्षा : मुंबईचे आकाश आणि 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' #थ्रेड

माहुलच्या पूर्वेला ट्रॉम्बेची टेकडी आहे. उंची सुमारे ३०० मीटर. सह्याद्रीच्या मानाने ती किरकोळच. परंतु मुंबई विमानतळाच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर आग्नेयेकडून उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला ती विसरून चालत नाही. आषाढातल्या ढगांत त्याला ना टेकडी दिसते, ना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या ज्वाला. समोरच्या तबकड्या जे सांगतील तेवढेच खरे. त्या तबकड्यांवर विश्वास ठेवण्याचा परवाना म्हणजे 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग'.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. मार्ग शोधायचा तो किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहून. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई आणि टाटांची विमानसेवा मुक्काम पुण्याला हलवी.

ढगांत शिरलेला माणूस अंदाजाने सरळ का उडू शकत नाही, हे त्याआधी थोडीच वर्षे उलगडले होते. १९२६ मध्ये अमेरिकी सैन्यातील विल्यम ऑकर या अनुभवी वैमानिकाला डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवण्यात आले. खुर्ची कोणत्या दिशेने फिरते आहे, हे त्याला अचूक सांगता येईना. कानाच्या आतील नलिकांमधला द्रव वळण सुरू झाल्याचे कळवतो. वळण एकाच गतीने चालू राहिले की तो स्थिरावतो आणि वळण थांबल्यासारखे वाटते. विमान झुकलेले असते आणि वैमानिक निश्चिंत असतो.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळ झाकलेल्या कक्षातून उड्डाण केले, फेरी मारली आणि बाहेर न पाहता विमान उतरवले. पुढच्या आसनावर एक वैमानिक केवळ खबरदारीसाठी होता. आजची परीक्षा याच प्रयोगाची वारस म्हणावी लागेल.

परीक्षार्थी 'हूड' घालतो. त्यातून फक्त तबकड्या दिसतात. शेजारी परीक्षक. रेडिओ संकेतांचा माग काढणे, ठरलेल्या जागी घिरट्या घालणे आणि ठरलेल्या किमान उंचीपर्यंत उतरणे. तिथे धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर चढणे. किमान उंची हा कागदी नियम वाटतो. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालियाचे डीसी-८ वेळेआधीच खाली उतरू लागले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले.

पण परीक्षेचा सर्वांत अवघड भाग निराळा आहे. काही तबकड्या झाकल्या जातात, कृत्रिम क्षितिजही त्यांतच. आणि उरलेल्यांवर विमान सांभाळायचे असते. एक यंत्र खोटे बोलू लागले तर इतरांच्या साक्षीने ते ओळखता यावे, हा हेतू.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. किनारा ओलांडताच खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. उजवीकडचे वळण पूर्ण होऊन पंख समपातळीत आले, तरी कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज उजवा झुकावच दाखवत राहिले. आपले यंत्र बिघडल्याचे त्यांनी बोलून दाखवले; सहवैमानिकाच्या उत्तरातून त्याचेही बिघडले असावे असा अर्थ निघाला. तिसरे, राखीव क्षितिज ठीक होते आणि उड्डाण अभियंत्याने तिकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. तोवर विमान डावीकडे कलंडत चालले होते. धावपट्टी सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

कॅप्टनच्या नावावर जवळपास १८,००० तासांचे उड्डाण होते. त्यामुळे 'अननुभव' हे सोपे उत्तर इथे लागू पडत नाही. विमान दोन हजार फुटांच्याही खाली होते; शंका घेणे, ताडून पाहणे आणि सावरणे यांसाठी हाताशी काही सेकंदच होते. हूड घातलेल्या परीक्षार्थीला निदान एवढे ठाऊक असते की आता काहीतरी बिघडवले जाणार आहे. १ जानेवारीच्या रात्री तसे कोणी सांगितले नव्हते.

आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार या रेटिंगसाठी किमान ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट सराव लागतो. त्यातला काही भाग जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये करता येतो. भारतात रेटिंगची मुदत बारा महिने असते. नंतर पुन्हा चाचणी.