पेरातली पोकळी

विड्या वळणाऱ्या आणि मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांवर सोलापुरात हजारो घरे चालली. म्हणूनच बोटाच्या हाडातील निरुपद्रवी पुटीचा इतिहास मला केवळ वैद्यकातील दुर्मीळ नोंद वाटत नाही. ही पुटी कसली, हे ओळखण्यावर हातचे काम टिकणे अवलंबून असते.

पूर्वी सुजलेले पेर बाहेरूनच चाचपावे लागे. मुलांच्या बोटांतील क्षयाला युरोपीय वैद्यांनी ‘स्पायना व्हेंटोसा’, म्हणजे वाऱ्याने फुगल्यासारखे हाड, असे नाव दिले होते. डिसेंबर १८९५मध्ये राँटगेनने क्ष-किरणांनी पत्नीच्या हाताची हाडे टिपली आणि हाडाचे अंतरंग दिसू लागले. तरी अडचण सरली नाही. फोटोत पोकळी एकसारखी दिसे, कारणे मात्र निरनिराळी असत.

बोटात सर्वाधिक आढळते ती कूर्चेची साधी गाठ, एन्कोन्ड्रोमा. पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पुटी बहुधा मुलांच्या दंडाच्या किंवा मांडीच्या हाडात होते; बोटात ती विरळाच. जखमेतून त्वचेच्या पेशी शेवटच्या पेरात रुतल्या, तर पुढे कित्येक वर्षांनी तिथे एपिडर्मॉइड पुटी होऊ शकते. सुई आणि यंत्राच्या गावात ‘पूर्वी कधी लागले होते का?’ हा प्रश्न म्हणूनच मोलाचा. १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या जाफे आणि लिख्टेनस्टाइन यांनी रक्ताने भरलेली, हाड फुगवणारी पुटी वेगळी ओळखली. ती भराभर वाढते, काढल्यावर पुन्हा उद्भवू शकते. पण ती कर्करोग नव्हे.

अनेकदा किरकोळ ठेच लागून पेर मोडते, तेव्हाच ही पोकळी प्रथम कळते. अशा वेळी पुष्कळदा आधी हाड जुळू देतात. मग पुटी खरवडून काढतात, गरज पडल्यास कमरेच्या हाडाच्या कणांनी जागा भरतात आणि काढलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्षय निघाला, तर उपचाराचा मुख्य भार औषधांवर असतो.

१९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. क्ष-किरण, शस्त्रक्रिया आणि ऊतकतपासणी या तिन्ही विद्या एकत्र नांदणे हे अशा संस्थेचे खरे देणे, असे मी मानतो. कारण या तिघींनी मिळून निर्णय दिला, तरच नुसत्या सावलीच्या भीतीने कुणाचे बोट जात नाही आणि खरा धोका नजरेतून सुटतही नाही.