सुंदरी, सोप्रानो आणि तोंडाशी असलेला सूर

मागच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: स्वस्तातला सोप्रानो सॅक्सोफोन घेतला, खालचे सूर बरे लागतात, पण वर गेलं की बेसूर. वाद्य टाकून द्यायचं का? उत्तर देतो, पण आधी आपल्या सोलापुरातच थांबू.

सोलापूरकरांना सुंदरी माहीत असते. शहनाईच्याच घराण्यातलं, पण तिच्याहून आखूड आणि आवाजाला टोकदार असं वाद्य. अक्कलकोट संस्थानच्या दरबारात सिद्धराम जाधव ते वाजवायचे. पुढे चिदानंद जाधव आणि भीमण्णा जाधव यांनी ते मैफलीत आणलं. 'सुंदरी' हे नाव अक्कलकोटच्या राजांनीच दिलं असं सांगतात. सुंदरी किंवा शहनाई वाजवणाऱ्याकडे नीट बघा. वाद्याला दोऱ्याने जादा पत्त्या लटकवलेल्या असतात. सूर जमेना तर तो आधी लाकडाला दोष देत नाही, पत्ती बघतो. ती किती आत बसलीय, किती मोकळी आहे, बदलायची का? वाद्य लहान म्हणून तोंडाशी झालेला बारीकसा फरकही थेट सुरात उतरतो.

हेच गणित 1846 साली पॅरिसमध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्सने पेटंट घेतलेल्या सॅक्सोफोनचं. नळी शंकूसारखी, पण शंकूचं टोक कापलेलं, कारण टोकातून फुंकणार कसं? त्या कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढीच हवा माउथपीसच्या पोकळीने धरायची असते. शहनाईत हे काम पत्ती आणि तिची छोटी नळी करते. पोकळी लहान पडली तर वरचे सूर चढतात, सप्तक ताणलं जातं. मोठी झाली तर माउथपीस पूर्ण आत ढकलला तरी वाद्य उतरलेलंच राहतं.

सोप्रानोत हे जास्त बोचतं. टेनर सॅक्सोफोन त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे नळी जवळपास दुप्पट. त्यामुळे टेनरवर 1 मिलिमीटरने जेवढा फरक पडतो, त्याच्या साधारण दुप्पट सोप्रानोवर पडतो.

आता इतिहासाचा घोळ. सॅक्सच्या काळातले माउथपीस लाकडी, आतून गोल आणि ऐसपैस होते, आवाज मऊ. 1930 नंतर मोठ्या जॅझ बँडच्या गोंगाटात ऐकू यायचं तर आवाज धारदार हवा, म्हणून आतली जागा अरुंद होत गेली. मग जुन्या घडणीच्या नळीवर नवा अरुंद माउथपीस बसला की वरचे सूर पळणारच. स्वस्त सोप्रानोत वेगळंच होतं: सोबत मिळणारा माउथपीस अनेकदा त्या नळीसाठी बनवलेलाच नसतो, खोक्यात काहीतरी हवं म्हणून टाकलेला असतो. वाजवणारा मात्र आपलाच कान कच्चा समजतो. सुंदरीवाला अर्धं छिद्र झाकून सूर सावरतो. सॅक्सोफोनच्या छिद्रांवर झाकणं, त्यामुळे सगळा भार ओठांवर, आणि अर्ध्या तासात जबडा दुखतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेच इथे करा. नुसता माउथपीस मध्यम जोराने फुंका. सोप्रानोचा कॉन्सर्ट सी च्या आसपास लागला तर ओठांची पकड ठीक आहे. बराच वर लागला तर तुम्ही चावताय, ते आधी सोडा. मग तोच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात ट्यूनरवर बघा. खालचा जुळून वरचा चढत असेल तर जरा मोकळ्या पोकळीचा माउथपीस लावून बघा. यामाहाच्या 4सी सारखा साधा माउथपीस यासाठी पुरे. महागडा धातूचा घ्यायची घाई नको, तो बहुतेक वेळा आणखी अरुंद असतो. झाकण नीट बसत नसेल, हवा गळत असेल, तर मात्र माउथपीस काही करू शकणार नाही, आधी दुरुस्ती.

जुन्या बाजारात घेणार असाल तर आणखी एक. शंभरेक वर्षांपूर्वी दोन पट्ट्यांची वाद्यं बनत. बँडवाल्यांची 'हाय पिच' पट्टी आजच्या 440 पेक्षा वर, सुमारे 452. अशा वाद्यांवर कधीकधी एच अक्षर किंवा 'हाय पिच' कोरलेलं असतं. त्यांची छिद्रंच त्या पट्टीची असतात, म्हणून माउथपीस बाहेर ओढून ती 440 ला आणता येत नाहीत. एल असेल तरच घ्या.