दातातलं सिमेंट आणि रोजचा चहा : एका डागाचा इतिहास

दातात भरलेलं पांढरं सिमेंट पिवळं पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चहा किती वेळा घेता?" म्हणजे चौकशीआधीच गुन्हेगार सापडला! पण डागाला दोन बाजू असतात : रंग देणारी आणि रंग धरणारी. चहाची उलटतपासणी पुष्कळ झाली. आज आपण रंग धरणाऱ्या पदार्थाचा इतिहास पाहू.

एकोणिसाव्या शतकात किडलेला दात भरायचा तर सोनं, नाहीतर पारा घालून केलेलं मिश्रण, ज्याला आपण अजूनही 'चांदी' म्हणतो. ती काळी दिसायची, पण टिकायची. समोरच्या दातांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलिकेट सिमेंट आलं. रंग दातासारखा, पण लाळेत ते हळूहळू विरघळे, खरबरीत होई आणि डाग धरी.

मग अ‍ॅक्रिलिक आलं. १९३० नंतरच्या दशकात ते कवळ्यांसाठी वापरात आलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत तोंडातच घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक तयार झालं. ते घट्ट व्हावं म्हणून त्यात अमाइन जातीचं रसायन घालत, आणि काळ गेला की हे रसायन स्वतःच पिवळं पडे. म्हणजे चहाला शिवत नसलेल्या माणसाचं फिलिंगसुद्धा पिवळं! शिवाय घट्ट होताना ते आकसे, दाताच्या कडेला बारीक फट राही आणि तिथे रंग जमे.

या दोन दुखण्यांवर अमेरिकेत उपाय सापडले. १९५५ साली रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लानं दाताचं कवच किंचित खरबरीत केलं, तर अ‍ॅक्रिलिक त्याला घट्ट धरून बसतं. ही युक्ती त्यांनी घेतली ती धातूंना रंग देणाऱ्या कारखान्यांतून. पुढे राफेल बोवेन यांनी 'बिस-जीएमए' नावाचं रेझिन बनवलं आणि त्यात सिलिकाची पूड मिसळली. १९६२ साली त्यांना पेटंट मिळालं. आजचं 'कॉम्पोझिट' याच घराण्यातलं.

पण बिस-जीएमएच्या रेणूला पाण्याची ओढ आहे. ते फार दाट म्हणून पातळ करायला दुसरं रेझिन मिसळावं लागतं, आणि त्यातलं नेहमीचं टीईजीडीएमए तर आणखीच पाणी धरतं. पाण्याबरोबर रंग आत शिरतो. त्यात, हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पातळ थर अर्धाकच्चा राहतो. तो घासून, पॉलिश करून काढला नाही तर डागाला आयतं घर मिळतं.

आता पेयांकडे येऊ. आपल्याकडे चहा घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, जाहिरातींच्या जोरावर. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं आणि पुढे पानं चिरडून केलेल्या दाणेदार भुकटीचा गडद चहा सर्वांना परवडू लागला. एकीकडे दातासारख्या रंगाचं फिलिंग आणि दुसरीकडे गडद चहा, दोन्ही एकाच शतकात एकाच तोंडात आले! तरी चहा आणि कॉफी सारखे नव्हेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की चहाचा रंग मुख्यतः पृष्ठभागावर चिकटतो आणि ब्रशनं बराचसा निघतो. कॉफीचा रंग मात्र रेझिनच्या आतही शिरतो. कोलाचं आणखी वेगळं : त्याचा रंग कमी लागतो, पण त्यातलं आम्ल पृष्ठभाग खराब करतं. आणि हळदीचं दूध? हळदीचा रंग सुती कापड सोडत नाही, तिथे रेझिनची काय कथा!

हे सगळं आज का सांगायचं? पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. चांदी मागे पडणार आणि रेझिन सर्वांच्या दातात येणार. पुन्हा पुन्हा फिलिंग बदलायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांच्याही. जुनं फिलिंग काढताना प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही जातो. म्हणून डाग आणि कीड यांत फरक करायला शिकलं पाहिजे. वरवरचा डाग पुष्कळदा पॉलिशनं जातो. कडेची काळी रेघ मात्र तपासून घ्यायला हवी, कारण तिथे फट असू शकते. तेव्हा दवाखान्यात "चहा किती?" असं विचारलं, तर उत्तर जरूर द्या. आणि आपणही विचारा, "डाग वरवरचा आहे की आतला? पॉलिशनं भागेल का?" आता आपले प्रश्न घेऊ या.