मोरीतला नळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटण्याची तारीफ करतो, सुवासिक तेलाची करतो. पाण्याचे नाव मात्र कोणी काढीत नाही. ते काय, नळाला येतेच! पण पुण्याच्या पाण्याची हकिगत ऐकली, तर तोटी पिरगाळताना हात क्षणभर थबकावा.

१७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला पाणी अडवून तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधविला. पंप नाही, यंत्र नाही. नुसत्या उतारावरून पाणी शनिवारवाड्यात पोचले, पेठांतले हौद भरले. मोठेच काम ते! पण हौदापासून चुलीपर्यंतच्या वाटेला असा सोयीचा उतार नव्हता. ती वाट बायकांच्या कमरेवरून आणि डोक्यावरून जात असे. बखरकारांनी हत्तीघोडे मोजले. या घागरी कोणी मोजल्या नाहीत.

आणि घागर बुडविण्याची मुभा तरी सर्वांना कोठे होती? अस्पृश्य मानलेल्या बाईने दूर उभे राहायचे. कोणाला दया येऊन त्याने वरून पाणी ओतले, तर ते झेलायचे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद या लोकांना खुला केला. एका गृहस्थाने आपल्या दारचे पाणी दिले, एवढेच! पण तेवढ्यालाही केवढे धैर्य लागले असेल! महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला तर १९२७ साल उजाडावे लागले.

१८७९ साली मुठेवर खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पुढे हळूहळू नळ रस्त्यावरून वाड्याच्या चौकात आला आणि चौकातून मोरीत. तो मोरीत आला त्या दिवशी घरच्या लेकीसुनांना त्यांची पहाट परत मिळाली. त्या पहाटेत कोणी दोन घटका अधिक झोपली असेल, कोणी पाटी-पुस्तक घेऊन बसली असेल. मी पडलो मास्तर; मला वाटते, मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात एखादे पान नळ बसविणाऱ्या कारागिरालाही द्यावे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडला आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. माळ्यावरच्या घागरी खाली उतरल्या. वर्षानुवर्षे कोणी डोकावले नव्हते अशा आडांवर पुन्हा दोर सुटले, आणि कात्रजच्या जुन्या हौदांची पुणेकरांना आठवण झाली.