हगाम्यात डोळे का भरून येतात

मंडळी, आपल्या नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावची जत्रा डोळ्यांसमोर आणा. आदल्या रात्री पालखी-छबिना झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हगामा भरतो. हलगी कडाडू लागते. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. मग जोड लावणारे पंच फेटे सावरीत फिरू लागतात, इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस मावळायच्या सुमारास शेवटची मोठी कुस्ती लागते. हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

पण एक गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे का? त्याच मैदानात, पोराच्या लग्नातही ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही असा एखादा रांगडा म्हातारा, उपरण्याच्या टोकाने डोळे पुसताना दिसतो. कुस्ती म्हणजे ताकदीचा खेळ. शड्डू, पट, ढाक, कलाजंग यांचा खेळ. त्यात रडण्यासारखे काय आहे? आज या प्रश्नाचा विचार आपण इतिहासाच्या आधाराने करू.

पहिली हकीकत आपल्याच जिल्ह्यातल्या मुलाची आहे. अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या अंगाला असलेला हा डोंगराळ मुलूख. या गावच्या हर्षवर्धन सदगीर नावाच्या मुलाने आधी नाशिकजवळच्या भगूरला आणि मग पुण्याला काका पवारांच्या तालमीत मेहनत केली. काका पवार हे स्वतः नामांकित मल्ल आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांच्याच तालमीत लातूरचा शैलेश शेळके हाही घाम गाळीत होता. आता पाहा योग कसा! महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटची कुस्ती होते. २०२० च्या जानेवारीत पुण्याजवळ बालेवाडीला ही स्पर्धा झाली. गादीवरून वर आला हर्षवर्धन, मातीवरून वर आला शैलेश. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर उभे राहिले.

अशी कुस्ती किती अवघड, हे तालमीत गेलेल्या माणसाला विचारा. एकमेकांचे डाव दोघांनाही ठाऊक. कोणत्या पायावर भार असतो, कोणता हात आधी पुढे येतो, सगळे पाठ झालेले. ७ जानेवारीला कुस्ती झाली आणि ती ३-२ अशा गुणांनी हर्षवर्धनने जिंकली. एका गुणाचा फरक! महाराष्ट्र केसरीची गदा त्याची झाली. आपली रीत अशी, की जिंकणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. पण इथे जिंकणाऱ्यानेच हरलेल्याला खांद्यावर उचलले आणि मैदानात मिरवले. ज्यांनी हे पाहिले त्यांना निकाल आठवेल न आठवेल, पण ते खांद्यावर उचलणे कोणी विसरणार नाही.

हे दृश्य मनाला का भिडले? मला वाटते, त्यात कुस्तीचा सारा हिशेब उघड झाला. पैलवान एकटा घडत नाही. त्याला घडवायला रोज अंगाला अंग लावणारा जोडीदार लागतो. जोडीदाराने पहाटे उठून मान दाबली नसती, तर ही मान मजबूत झाली असती का? जो हरला त्याच्या मेहनतीचाही त्या गदेत वाटा होता. तो वाटा भर मैदानात कबूल केला गेला, म्हणून लोकांचे डोळे भरले.

आता थोडे मागे जाऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधवांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान, तेव्हा माती घरचीच. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या प्रवासाला हात दिला होता. आयुष्य लाल मातीत गेलेले आणि तिथे कुस्ती गादीवर, परक्या नियमांची. तरीही सर्वांत हलक्या वजनाच्या गटात ते सहावे आले.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी जायचे ठरले. पण पैसा कुठून आणायचा? गावोगाव वर्गणी फिरली. कुणी रुपया दिला, कुणी त्याहून कमी दिला. तरी रक्कम पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. शिक्षक मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. विद्यार्थ्याने परीक्षेत पहिले यावे म्हणून आपण जादा तास घेतो, पदरचे वही-पुस्तक देतो. पण त्याने परदेशी जाऊन कुस्ती खेळावी म्हणून घर गहाण टाकायचे! आणि जिंकेल की हरेल, कोण सांगणार?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या शोहाची इशी याच्याशी मोठी झुंज झाली आणि ती थोडक्यात हातची गेली. त्या झुंजीने अंग पिळून निघाले होते. तोच त्यांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे ठणकावून सांगायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकीकत आहे. खाशाबा तसेच थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीला सुवर्णपदक मिळाले, रशियाच्या मल्लाला रौप्य आणि आपल्या गोळेश्वरच्या पठ्ठ्याला कांस्य. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

आणि परत आल्यावर? कऱ्हाडच्या स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून लोक उभे होते. ढोल, हलग्या, गुलाल! कऱ्हाडहून गोळेश्वरची वाट ती केवढी, पंधरा-वीस मिनिटांची. त्या दिवशी तिला सात तास लागले, असे जुनी माणसे सांगत. ज्यांनी वर्गणीत आणा-दोन आणे घातले होते, त्या प्रत्येकाला वाटत होते की पदकाचा एक तुकडा आपलाही आहे.

पण मला त्याहून मोठा क्षण वाटतो तो पुढचा. मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली. त्या मैदानांच्या उत्पन्नातून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडवले. कुस्तीसाठी गहाण पडलेले घर कुस्तीनेच मोकळे केले. गुरूच्या ऋणाच्या गोष्टी आपण पोथी-पुराणात पुष्कळ ऐकतो. ही गोष्ट पुराणातली नाही, गेल्या शतकातली आहे.

पुढचा इतिहास मात्र जिवाला लागणारा आहे. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, इमानाने नोकरी करून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१ साली, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. उशिरा का होईना, महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन ठरवला. शाळेत त्या दिवशी नुसती धावण्याची शर्यत लावू नका, ही घराची गोष्टही मुलांना सांगा.

आता एक कडू गोष्ट. ती टाळून चालणार नाही, कारण ती आपल्या अंगणात घडली. २०२५ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात झाली. २ फेब्रुवारीचा तो शेवटचा दिवस. गादी विभागाच्या शेवटच्या कुस्तीत पंचांनी एका मल्लाला चितपट ठरवले. त्याचे म्हणणे, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत पुन्हा पाहा. वाद पेटला आणि त्या मल्लाने पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या किताबाच्या कुस्तीतही हरणारा मल्ल पंचांवर रुसून वेळ संपण्याआधीच मैदान सोडून गेला. गदा पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने मिळवली, पण तिच्या आनंदावर विरजण पडले. त्या दोन्ही मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथ मारणे चूकच. त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण त्या पोराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. वर्षभर पहाटे चारला उठणे, हजारो जोर-बैठका, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुरवलेले दूध, तूप, बदाम, आणि या साऱ्याचा निकाल दोन खांदे मातीला टेकले की नाही, एवढ्यावर. म्हणून पंचाची जबाबदारी फार मोठी. पंचाने डोळ्यांत तेल घालून पाहावे, शंका असेल तर पुन्हा पाहावे, आणि चूक झाली तर ती मानण्याचा मोठेपणा दाखवावा. एका कुस्तीचा निकाल चुकला, तर हरणाऱ्याचे वर्ष जाते आणि जिंकणाऱ्याच्या गदेलाही डाग लागतो.

त्या दिवशीही डोळ्यांत पाणी आले, मंडळी. पण ते वेगळे पाणी होते. बालेवाडीला डोळे भरले, कारण हरलेल्याचा मान राखला गेला. वाडिया पार्कात भरले, कारण आपला मान राखला गेला नाही असे हरलेल्याला वाटले. हार दोन्हीकडे होती. फरक पडला तो हरलेल्याला मैदानाने कसे वागवले, याचा.

म्हणून गावच्या यात्रा कमिटीला एक सुचवणे आहे. आपण इनाम देतो ते जिंकणाऱ्याला. थोडे हरणाऱ्यालाही द्या. पुष्कळ गावे ते देतातच, पण बाजूला बोलावून हळूच देतात. तसे नको. हलगी वाजवून, नाव पुकारून, नारळ हातात देऊन द्या. आणि रेवड्यांच्या कुस्तीत चीत झालेले सात-आठ वर्षांचे पोर रडत कडेला आले, तर त्याला 'हात् लेका' म्हणू नका. त्याच्या अंगावरची माती झटका, रेवडी त्याच्याही हातावर ठेवा आणि ज्याने त्याला पाडले त्याच्या शेजारी बसवून पुढची कुस्ती दाखवा. पुढे-मागे त्यांच्यातलाच एक दुसऱ्याला खांद्यावर घेईल.