'इन्व्हेस्ट' म्हणजे वस्त्रे देणे

आपल्या वसाहतीच्या नावातच 'इन्व्हेस्टमेंट्स' आहे. भाड्याच्या करारावर आपण ते लिहितो, मुले शाळेच्या फॉर्मवर लिहितात. तेव्हा या क्रियापदाचे मूळ एकदा पाहू या.

लॅटिनमध्ये 'व्हेस्टिस' म्हणजे कपडा. 'इन्व्हेस्ट' करणे म्हणजे अंगावर वस्त्र चढवणे. संस्कृतातला 'वस्' धातू आणि आपले 'वस्त्र' त्याच कुळातले. युरोपात एखाद्याला पद द्यायचे तर झगा चढवीत. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे आल्यावाचून पेशवाई मिळत नसे. पहिल्या बाजीरावांना ती १७२० मध्ये मिळाली. सवाई माधवराव १७७४ मध्ये पुरंदरावर अवघे चाळीस दिवसांचे होते, तरीही साताऱ्याहून वस्त्रे आलीच! किल्ल्याला वेढा घालण्यालाही इंग्रज हाच शब्द वापरीत. तेही एक गुंडाळणेच.

पैशाचा अर्थ बहुधा इटालियन व्यापाऱ्यांकडून आला. रोकड देऊन माल घेतला की पैशाने नवा पोशाख केला, अशी ती कल्पना. इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात दिसू लागला. हिंदुस्थानातून दरसाल विलायतेला पाठवायच्या मालाच्या खरेदीलाच कंपनीवाले 'इन्व्हेस्टमेंट' म्हणत, आणि त्यात मोठा वाटा कापडाचा. म्हणजे कपड्यातून निघालेला शब्द पुन्हा कापडाच्या गाठोड्यातच शिरला.

अरबी पाटीवर 'इस्तिथ्मार' आहे. त्यात 'थमर' म्हणजे फळ. अरबांनी फळाकडे पाहिले. आपण मात्र 'गुंतवणूक' म्हणतो; दोरा गुंततो, पाय गुंततो, तसा पैसा गुंततो. आम्हांला तिघांत आपलाच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, म्हणून बचत गावाकडे फ्लॅटमध्ये जाते. काही घरांचे पैसे अर्धवट इमारतींत अडकले आहेत. ताबा नाही, हप्ते मात्र चालू. घरची माणसे फोनवर 'काम कुठवर आलं?' असे विचारायचीही थांबली आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून महारेरा आहे. या सुट्टीत कुणी बुकिंग करणार असेल, तर टोकन देण्याआधी प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासावा आणि ताब्याची कोणती तारीख तिथे नोंदवली आहे, तीही पाहावी.