'मे' आणि 'शॅल'

मागच्या आठवड्यात क्लायंटशी तासभर वाद झाला. मुद्दा काय, तर डॉक्युमेंटमधे 'मे' लिहिलंय की 'शॅल'. 'मे' म्हणजे केलं तर केलं, 'शॅल' म्हणजे करायलाच हवं. शनिवारी एरवाडीबद्दल वाचत बसलो आणि हेच दोन शब्द परत भेटले.

एरवाडी तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यात. तिथल्या दर्ग्यात मनोरुग्ण बरे होतात अशी श्रद्धा, त्यामुळे निरनिराळ्या धर्मांचे लोक आपल्या माणसांना तिथे आणत. त्यांना ठेवायला आजूबाजूला खाजगी 'होम्स' निघाली. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे त्यातल्या एका शेडला आग लागली. आतले लोक साखळ्यांनी बांधलेले होते, पळणार कसे? २८ जण गेले.

आता मला वाटलं होतं, तेव्हा कायदाच नसेल. पण होता की! १८५८ च्या कायद्यातच होतं, की वेडसर माणसाला सांभाळणाराच त्याचे हाल करतोय असं कळलं तर मॅजिस्ट्रेट दोघांनाही बोलावून चौकशी करू शकतो. हेच कलम १९१२ च्या कायद्यात आलं, आणि तिथून १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टमधे. (कॉपी-पेस्ट आम्हीच करतो असं नाही!) १९८७ चा कायदा लागू व्हायला मात्र १९९३ उजाडलं. त्यात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने मॅजिस्ट्रेटला कळवायचं, हे 'शॅल'. तुमच्या-माझ्यासारख्याने कळवायचं, ते 'मे'. आणि नीट सांभाळा असा मॅजिस्ट्रेटचा हुकूम मुद्दाम मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त दोन हजार रुपये.

म्हणजे अधिकार होते. पण कुणीतरी कळवल्याशिवाय ते जागे होत नव्हते. आणि कळवणार कोण? रुग्णाला तिथे सोडून गेलेला बहुतेक वेळा घरचाच माणूस. माझ्या मते खरी अडचण तिथेच होती, साखळ्या काही लपवलेल्या नव्हत्या.

आगीनंतर मात्र आठवडाभरात तिथली होम्स बंद झाली, पाचशेवर लोक सरकारने ताब्यात घेतले. आठवडाभरात! सुप्रीम कोर्टाने बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २००२ मधे राज्यांना अशा सगळ्या जागांची पाहणी करायला सांगितलं.

२०१७ चा नवा कायदा २०१८ मधे लागू झाला. साखळीला त्यात साफ बंदी आहे. आणि मनोरुग्णाचे हाल होताहेत असं ज्याला वाटेल त्याने, मग तो कुणीही असो, पोलिसांना कळवायचं. 'मे' चं 'शॅल' झालं.

हे वाचताना आमची जुनी बिल्डिंग आठवत होती. मी चौथीत असेन. तळमजल्यावरच्या काकांची बहीण मागच्या खोलीत असायची, दाराला बाहेरून कडी. आमचा बॉल तिच्या खिडकीत गेला की ती गजांमधून परत टाकायची. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. 'त्यांच्या घरचा मामला' म्हणायचे सगळे. सणावारी आई तिच्यासाठी ताट पाठवायची, तेही काकूंच्या हातात.

काल आईला फोनवर विचारलं, तेव्हा कुणाला सांगावंसं नाही वाटलं का गं?

"पोलिसांत? शेजाऱ्यांविरुद्ध?" आई म्हणाली. मग जरा वेळाने, "मलाही वाटायचं रे. पण तुझ्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आपण कशाला मधे पडा."